विमानात मी उठलेच नाही

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "मावशी, एवढ्या लांबच्या प्रवासात बाथरूमला किती वेळा गेलात?"

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो जरा बाजूला करून मी म्हणाले, "एकदाबी न्हाई."

खरं सांगते, हे सांगताना मला अभिमान वाटला. कॅनडापासून मुंबईपर्यंत मी त्या घाणीत पाय ठेवला नव्हता. शेजारच्या सिस्टरनं कपाळाला हात लावला, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की यात मिरवण्यासारखं काही नाही.

माझ्यासारख्या पुष्कळ आया आता विमानात बसतात. लेक नाहीतर सून बाळंत होते, जावई तिकीट पाठवतो, आणि जी बाई पुण्याच्या पलीकडं कधी एकटी गेली नाही ती समुद्र ओलांडून जाते. त्यांच्यासाठी हे लिहितेय. यात घाण बरीच आहे. पदर नाकाला लावून वाचा, पण वाचा.

तहान मारायची सवय

मी न्हावऱ्याची. अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. घरी ऊस, कांदा आणि म्हशी. शेणाची मला कधी किळस आली नाही. उघड्या हातानं गोठा काढून तेच हात धुऊन भाकरी थापायला बसते. पण माणसाच्या घाणीची मात्र मला भयंकर शिसारी.

ही शिसारी उगाच आलेली नाही. आमच्या अंगणवाडीला कित्येक वर्षं संडासच नव्हता. नंतर बांधला, तर पाणी नव्हतं. मीटिंगला शिरूरला जायचं, तर तिथल्या स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत पाऊल टाकण्याआधी डोळ्यांतून पाणी यायचं. फुटलेली भांडी, कोपऱ्यात रक्ताचे बोळे, दाराला कडी नाही. म्हणून आम्ही सगळ्या बायका एकच करायचो. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मीटिंगच्या दिवशी चहासुद्धा अर्धा कप. जिला दिवसभर जायला लागायचं नाही ती आमच्यात शहाणी. मी सगळ्यांत शहाणी होते.

हीच सवय घेऊन मी विमानात बसले.

विमान

माझी लेक अश्विनी कॅनडात असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला गेले होते. जाताना ओळखीचं एक जोडपं सोबत होतं, म्हणून मी धीर करून एकदा विमानातल्या संडासात गेले. एवढंसं खोकडं. खाली ओलं, त्यात भिजलेले कागद, भांड्याच्या कडेवर कुणाचं तरी तसंच. माझ्या साडीचा काठ भिजला. पाण्यानं की कशानं, देव जाणे. लेकीच्या घरी पोचल्यावर ती साडी मी धुतली नाही, कचऱ्यात टाकली.

येताना एकटीच होते. मला इंग्रजी येत नाही, मधे विमान बदलायचं, आई चुकेल म्हणून अश्विनीनं माझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. धडधाकट बाई मी, पण खुर्चीत बसवून ढकलत नेलं. विमानातून खुर्चीत, खुर्चीतून बाकड्यावर, बाकड्यावरून पुन्हा विमानात. पाय जमिनीला लागलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

जागा खिडकीची. शेजारी एक आडदांड माणूस, त्याच्या पलीकडं एक तरुण मुलगी. त्या माणसानं बसल्या बसल्या बूट काढले, मोजेही काढले, आणि पाय पुढं पसरून तोंड उघडं टाकून झोपला. त्या पायांचा वास अजून माझ्या नाकात आहे. मागच्या रांगेतलं लेकरू कागदी पिशवीत ओकत होतं आणि ती पिशवी कुणी लवकर नेईना. त्यातच जेवण आलं. हिरवं काहीतरी, वर तेलाचा पिवळा थर. झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

हवाईसुंदरी पाण्याचे पेले घेऊन दर थोड्या वेळानं यायची. मी हात हलवून नको म्हणायचे. ओठ सुकले की जिभेनं ओले करायचे. थंडी वाजायची, म्हणून परकराची नाडी घट्ट आवळून, पाय पोटाशी घेऊन, वर शाल ओढून मुटकुळं करून बसले. त्या माणसाला उठवायचं, त्याच्या उघड्या पायांवरून जायचं, आणि जायचं कुठं तर त्या खोकड्यात! त्यापेक्षा बसून राहिलेलं बरं. दुसऱ्या विमानात डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखायला लागलं. मी पाय दुमडला तो तसाच ठेवला.

मुंबईला पुतण्या गाडी घेऊन आला होता. तिथून न्हावऱ्यापर्यंत पुन्हा बसूनच.

पाय

घरी उतरताना डावी चप्पल पायात जाईना. दोन दिवसांत डाव्या पायाची पोटरी उजवीच्या दीडपट झाली. कातडी ताणून चकचकीत, रंग जांभळट, हात लावला तर गरम. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. माझाच पाय, पण बघवेना. मी त्यावर पदर ओढून बसायचे.

आमचे मालक म्हणाले, "विमानाचा शीण हाय. बसून बसून आखडलाय. जाईल आपोआप."

मोठ्या जाऊबाईंनी पाय पाहिला आणि निकालच दिला. "नस चढलीय. चोळल्याबिगर उतरायची न्हाई."

लसूण आणि ओवा घालून तेल कडकडीत तापवलं. सकाळ-संध्याकाळ त्या माझी पोटरी दोन्ही हातांनी पिळायच्या. मी कळवळायचे. "दुखतंय म्हंजी नस सुटतीय," असं त्या म्हणायच्या. जाऊबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. घाम गाळून चोळत होत्या बिचाऱ्या. पण त्या करपलेल्या लसणाचा वास अंथरुणात, साडीत, माझ्या केसांत सगळीकडं बसला. आजही फोडणीत लसूण करपला की मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर जाते.

पाटस

माझं माहेर पाटसचं. धाकटा भाऊ दत्ता साखर कारखान्यात फिटर आहे. त्याच्या मुलांना आणलेले कपडे द्यायचे होते, शिवाय भाचीची ओटी भरायची होती. पाय ओढत ओढत गेले. कारखान्याचा सीझन जोरात होता. हवेत मळीचा तो आंबट, जड वास. लहानपणी त्याच वासात वाढले, तेव्हा काही वाटायचं नाही. त्या दिवशी मात्र तो सहन होईना.

दत्ताच्या घराचा जिना चढत होते. मधल्या पायरीवर छातीत कुणीतरी सुरी खुपसल्यासारखं झालं. श्वास आत घ्यायला गेले तर अर्ध्यावरच अडला. मला वाटलं, त्या वासानंच गुदमरतंय. मी नाक दाबून पायरीवर बसले. कपाळावर गार घाम.

दत्ता वरून धावत आला. "आक्का, काय हुतंय?"

"वास... लई घाण वास येतोय रे."

त्यानं माझे ओठ बघितले. नंतर सांगत होता, निळे पडले होते. "वासाचं न्हाई ह्ये," एवढंच म्हणाला आणि शेजाऱ्याची गाडी काढायला पळाला.

निदानाचा दिवस

दौंडला दवाखान्यात नेलं तेव्हा मला वाटलं, हार्ट अटॅक. डॉक्टर तरुण होते, चेहरा झोप न झालेला. त्यांनी छाती तपासली आणि मग साडी वर करायला सांगितलं. मी पाय आक्रसून घेतला. लाज नव्हती, त्या पायाचीच किळस होती. त्यांनी दोन्ही पोटऱ्या टेप लावून मोजल्या. मग वाकून वास घेतल्यासारखं केलं.

"हे तेल कसलं?"

दत्ताच्या बायकोनं सांगितलं, "चोळत्यात. नस चढलीय म्हनून."

डॉक्टर एकदम ताठ झाले. "आता कुणी हात लावायचा नाही. कुणीही."

त्यानंतर पायाची सोनोग्राफी झाली. जेल लावलेलं ते गार, बुळबुळीत यंत्र पोटरीवर फिरलं. स्ट्रेचरवरून दुसरीकडं नेऊन छातीचा स्कॅन केला. दंडातून औषध सोडलं तसं अंगातून गरम काहीतरी वाहत गेलं आणि मला वाटलं, लुगड्यात झालं. झालेलं काही नव्हतं, तसं वाटतंच म्हणे. पण त्या मशीनमधे मी रडले ती त्या भीतीनं. मरणाची भीती नंतर आली.

डॉक्टरांनी दत्ताला आणि मला समोर घेऊन सांगितलं. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालीय. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकलाय.

दत्तानं विचारलं, "चोळल्यामुळं सुटला का?"

"नक्की सांगता येणार नाही. आपोआपही सुटतो. पण चोळणं धोक्याचंच."

"आन् हिनं पानी पिलं न्हाई म्हनून झालं का?"

"नुसतं पाणी न प्यायल्यानं झालं, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वय आहे, वजन आहे, पायाच्या शिरा आधीच फुगलेल्या आहेत. मुख्य म्हणजे इतके तास पाय हललाच नाही. पण बघा ना, पाणी प्यायलं असतं तर लागली असती. लागली असती तर उठल्या असत्या."

मी विचारलं, "मी मरनार का?"

ते म्हणाले, "वेळेवर आलात. औषध सुरू केलंय. पुढचे दिवस जपायचे."

नाही म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

वॉर्ड

आधी आयसीयूत ठेवलं आणि तिथून उठायचं नाही असा हुकूम. म्हणजे सगळं पलंगावरच. ज्या गोष्टीला मी जन्मभर टाळत आले ती आता माझ्या अंगाखाली येऊन बसली. बेडपॅन. गार स्टीलचं भांडं, वर नुसता एक पडदा, पलीकडं कुणीतरी खोकतंय, कुणाच्या तरी नळीतून पिवळं टपकतंय. पहिल्या दिवशी मला होईच ना. पोट दगडासारखं. सिस्टर म्हणाली, "मावशी, रोखून धरू नका." मी डोळे मिटले आणि झालं, तर त्या आवाजानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोटाच्या कातडीत इंजेक्शनं द्यायचे. जिथं टोचायचे तिथं काळेनिळे डाग पडायचे, मग ते हिरवट व्हायचे. साडीची गाठ सोडली की माझं पोट सडक्या वांग्यासारखं दिसायचं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. माझ्याच शरीराचा मला वीट आला होता. म्हातारपण येईल हे ठाऊक होतं, असं नासून येईल असं वाटलं नव्हतं.

वॉर्डात आणल्यावर भांडं न्यायला सफाईच्या मावशी लवकर यायच्या नाहीत. तिथं मला एक दिवस असा आला की मी तो विसरणार नाही. भांडं भरलेलं, मावशी जेवायला गेलेल्या, आणि दत्ता डबा घेऊन आला. त्यानं डबा खुर्चीवर ठेवला, भांडं उचललं, त्यावर कागद टाकला आणि घेऊन गेला. धुऊन आणलं, पलंगाखाली सरकवलं, हात धुतले आणि डबा उघडून बसला. "वरन-भात हाय. गरम हाय तवर खा."

सख्ख्या भावानं माझं मुताचं भांडं उचललं. मी डब्याला हात लावला नाही.

"आक्का," तो म्हणाला, "लहानपनी माझं कुनी केलं? आय तर ऊस खुरपायला जायची."

मग मी जेवले.

आमचे मालक रोज न्हावऱ्याहून मोटारसायकलवर यायचे. पलंगापासून लांब, दाराजवळ उभे राहायचे. रुमाल नाकाला. म्हैस अडली की कोपरापर्यंत हात आत घालून रेडकू ओढणारा हा माणूस! वार पडली नाही तर स्वतः काढतो, तशीच घमेल्यात घेऊन उकिरड्यावर नेतो. आणि बायकोच्या भांड्याकडं बघवत नाही. मी तोंड फिरवून घ्यायचे. मला त्यांचीच शिसारी यायची.

एका दुपारी मात्र दुसरं कुणीच नव्हतं. बेल वाजवून हात दुखला. मी म्हणाले, "अहो, भांडं द्या." ते इकडंतिकडं बघायला लागले. "सिस्टर येतीलच की."

"मला आता पायजे. न्हाईतर गादीत हुईल. मग बघा."

त्यांनी भांडं दिलं. मान पार भिंतीकडं वळवून. झाल्यावर हात लांब करून ते उचललं आणि न्यायला निघाले. मोरीपर्यंत पोचले. नंतर जो आवाज आला तो सगळ्या वॉर्डानं ऐकला. मालक मोरीत भडाभडा ओकत होते.

शेजारच्या पलंगावरची यवतची बाई, जिला दिवसभर हसू माहीत नव्हतं, ती टाके धरून हसायला लागली. मीही हसले. छातीत कळ आली तरी थांबेना. मालक परत आले, डोळे लाल, मिशा ओल्या. भांडं स्वच्छ धुतलेलं होतं. पलंगाखाली ठेवून विचारलं, "आनी लागली का?"

त्या दिवसापासून ते दाराजवळ उभे राहिले नाहीत. स्टूल ओढून जवळ बसायला लागले. रुमाल मात्र खिशात तयार असायचा.

लेकीचा दोष

या सगळ्यात एक गोष्ट मला आजाराहून जास्त टोचली. अश्विनी रोज व्हिडिओ कॉल करायची. एकदा मी औषधानं पेंगले होते, फोन मालकांकडं होता. मला वाटतं, त्यांना वाटलं मी झोपलेय. ते तिला म्हणाले, "तुझ्या बाळंतपनापायी ही वेळ आली. सासूला न्हाई का बोलावता आलं?"

पलीकडून बाळ रडल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

नंतर अश्विनीचे यायचे ते फक्त मेसेज. आई बरी आहे का, एवढंच. चेहरा दाखवेना. ओली बाळंतीण ती, अजून अंगावर पाजत होती. आणि बापानं तिच्या पदरात आईचं मरण टाकलं. मालकांना मी विचारलं तर म्हणाले, "मी काय खोटं बोललो?"

मी भिंतीकडं तोंड केलं. बोलायला श्वास पुरत नव्हता.

घरी

घरी सोडलं ते रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि घट्ट लांब मोजा देऊन. तो मोजा उन्हाळ्यात घालणं म्हणजे शिक्षा. आत घाम, खाज, संध्याकाळी काढला की आंबूस वास. पण घातला. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे महिने गोळी चुकवली नाही. तपासणीला आधी दौंडला, मग शिरूरला जात राहिले. आता धाप लागत नाही. डावा पाय संध्याकाळी अजून जड होतो.

भेटायला येणाऱ्यांचा मात्र उबग आला. चहा प्यायचा, पाय उघडून बघायचा, "बाई गं" म्हणायचं आणि त्यांच्या ओळखीत अशानंच कोण गेलं ते सांगायचं. शेवटी ठरलेलं वाक्य, "कशाला गेली एवढ्या लांब?"

एका रविवारी ओसरी भरली होती. दत्ता आला होता, जाऊबाई होत्या, भावकीतल्या दोघीतिघी होत्या. दत्तानं अश्विनीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. किती दिवसांनी तिचं तोंड दिसलं. गाल बसलेले. मांडीवर बाळ. मी काही बोलायच्या आत जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, "लेकीच्या बाळंतपनानं आयचा जीवच घ्यायचा बाकी ठेवला हुता."

अश्विनीनं मान खाली घातली.

माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "गप ऱ्हावा, बाई! बाळंतपनानं काय झालं न्हाई. लेकीनं मला तिथं फुलागत ठिवलं. मी विमानात पानी पिले न्हाई. मी जागची हलले न्हाई. संडासाची घान वाटली म्हनून मी मुडद्यागत बसून ऱ्हायले. आन् हितं आल्यावर दवाखान्यात जायच्या ऐवजी पाय पिळून घेतला. माझ्या लेकीचं न्हाईतर नातीचं नाव ह्यात कुनी घ्यायचं न्हाई."

जाऊबाईंचं तोंड उतरलं. एवढ्या बायांपुढं, पुरुषांपुढं मी संडासाचं बोलले होते. आमच्यात हे कुणी बोलत नाही. बोललो नाही म्हणूनच तर दुखणं इथवर आलं.

मग तिथंच मी बाकीचंही सांगितलं, ते इथं लिहिते. विमानात पाणी पीत राहा. खिडकीचा हट्ट नको, वाटेकडची जागा मागून घ्या. शेजारचा झोपला असेल तर हलवून उठवा, त्याला काय वाटेल ते वाटू द्या. अधूनमधून चालून या. बसल्या जागी टाचा आणि चवडे वरखाली करा. नाडी सैल बांधा, मांडी घालून बसू नका. व्हीलचेअर रस्ता दाखवायला घ्या, पण जमेल तिथं चाला. संडास घाण असेल तर असू द्या, सोबत कागद ठेवा, पुसा आणि बसा. आधीच पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेलेले असतील, तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. मनानं गोळी घेऊ नका. आणि प्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखला, तर तेलाला हात लावू नका, दवाखाना गाठा. दम लागला तर मग थांबूच नका.

फोनमधे अश्विनी डोळे पुसत होती. ओसरीच्या खांबाला टेकून मालक उभे होते. ते पुढं आले आणि माझ्या हातातून फोन घेतला. त्यात बघितलं, तिच्याकडं की बाळाकडं ते कळलं नाही.

"अश्विनी," ते म्हणाले, "म्या बोललो ते चुकलं. मनात ठिवू नगं."

तिनं मान हलवली.

"आन् आयला परत बोलवायची असंल तर डाक्टरला इचारून दोन तिकिटं काढ. तिच्या शेजारी मी बसनार. तासातासाला उठवतो तिला. म्हशी दत्ता बघंल."

दत्ता म्हणाला, "व्हय, बघतो की."

मालकांनी फोन मला परत दिला, अंगणाच्या कडेला गेले आणि तोंडातली तंबाखू पचकन थुंकली. जास्वंदीच्या पानावरून तपकिरी ओघळ खाली आला. मी पदर नाकाला लावला.

विमानात थुंकता येत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.